नेत्रदानाच्या फलकावर पुण्य कशाला?

महोदय,

दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर या काळात नेत्रदान पंधरवडा पाळला जातो. आमच्या चौकात त्या वेळी लागलेला फलक अजून तसाच लटकतो आहे : ‘नेत्रदान करा, पुण्य कमवा’. कुणाच्या घरी मृत्यू झाला की तिथे जाऊन नातेवाइकांशी नेत्रदानाबद्दल बोलायचं, हे काम मी काही वर्षं हौसेनं करते आहे. पुण्याचा शब्द मीही पुष्कळ वापरला. आता वापरत नाही.

झालं असं, की एका घरी मुलगा तयार होता, सूनही तयार होती. मी सवयीनं म्हणून गेले, ‘दादांना पुण्य लागेल हो.’ कोपऱ्यात बसलेल्या आत्याबाई लगेच म्हणाल्या, ‘पुण्याचं राहू द्या बाई. पुढच्या जन्मी आंधळा जन्माला आला म्हणजे?’ मला उत्तर सुचेना. ‘असं काही नसतं’ म्हणायची सोय मी ठेवलीच नव्हती. पुढच्या जन्माचं आमिष दोन मिनिटांपूर्वी मीच दाखवलं होतं. बुबुळं मृत्यूनंतर सहा तासांच्या आत काढावी लागतात. समजूत घालता घालता वेळ गेला, तिरडी बांधायला माणसं आली आणि विषय तिथेच संपला. आत्याबाईंना मी दोष देत नाही. हिशेबाची वही मी उघडली होती, त्यांनी फक्त पान उलटलं.

देवाचा धाक गेला तर माणूस मोकाट सुटेल, असं आमचे शेजारी नेहमी म्हणतात. चोरीचपाटीपुरतं ते खरं असेलही. पण धाकानं माणूस फार तर वाईट करायचा थांबतो. स्वतःचं काही उचलून अनोळखी माणसाला द्यावं, हे धाकानं कसं सुचणार? आणि इथे तर घेणाऱ्याचं नावसुद्धा देणाऱ्याच्या घरच्यांना सांगत नाहीत. आभाराची चिठ्ठी यायचीही सोय नाही.

मी नास्तिक नाही. एकादशी करते, कीर्तनाला जाते. तिथे शेवटी आपण सगळे तुकोबांचं मागणं म्हणतो. त्यात मुक्ती नको, धनसंपदा नको, संतसंग दे आणि खुशाल पुन्हा जन्माला घाल, असं आहे. मोक्षसुद्धा नाकारणाऱ्या माणसाचा अभंग म्हणून घरी यायचं आणि डोळे देताना बदल्यात काय मिळणार ते विचारायचं, हे मला तरी आता जमत नाही.

एका माळकरी आजींचे यजमान गेले तेव्हा मी पुण्याचं अक्षरही काढलं नाही. त्यांनी एकच विचारलं, ‘ज्याला बसवतील त्याला लगेच दिसतं का?’ मी खरं ते सांगितलं : पूर्ण डोळा बसवत नाहीत, पुढचा पारदर्शक पडदा तेवढा बसवतात, आणि नजर हळूहळू सुधारते. ‘मग बसू दे सावकाश,’ म्हणाल्या आणि सही केली.

तेव्हा नेत्रदानाचं काम करणाऱ्या संस्थांना आपल्या पत्रातून एक विनंती. फलकावरची पुण्याची ओळ काढा आणि त्या जागी उपयोगाचं लिहा. मृत्यूनंतर पापण्या मिटाव्यात, त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा, डोक्याखाली उशी द्यावी. चष्मा होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, मधुमेह होता, तरी नेत्रदान करता येतं. चेहरा विद्रूप होत नाही. सगळं काम साधारण अर्ध्या तासात आटोपतं. आणि जवळच्या नेत्रपेढीचा फोन नंबर, रस्त्यापलीकडून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत. आमच्या चौकातल्या फलकावर तो नंबर कोपऱ्यात आहे, पुढाऱ्यांच्या फोटोंखाली.

– एक वाचक, सातारा