ड्रॉइंगखालची सही

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

एनसीआयडीक्यूचा, म्हणजे अमेरिकेतल्या इंटिरियर डिझायनरच्या पात्रता परीक्षेचा विषय काढला, तर परवा फोनवर म्हणालीस, "बाबा, क्लायंट फोटो बघतात, परीक्षेचं कोण विचारतंय?" तेव्हा पटकन उत्तर सुचलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

तुझं म्हणणं निम्मं खरं आहे. आपल्याकडे 'आर्किटेक्ट' म्हणवून घ्यायला १९७२ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी लागते, इंटिरियर डिझायनरला तसं बंधन नाही. तू आहेस त्या अमेरिकेतही प्रत्येक राज्याचं वेगळं. अलाबामाने १९८२ साली या पदनामासाठी पहिला कायदा केला, पण बऱ्याच राज्यांत आजही नोंदणीशिवाय काम करता येतं.

पण मी सुतार आहे गं. एका ऑफिसच्या कामात मागच्या दाराशेजारी उंच कपाट दाखवलं होतं. टेप लावून पाहिलं तर कपाट दाराच्या आड येत होतं, दार निम्मंच उघडणार. विचारलं, तर "तिथेच शोभतं, बसवा" असं उत्तर आलं. मी बसवलं. काही महिन्यांनी शॉर्टसर्किट झालं, धूर कोंडला आणि माणसं त्या फटीतून अंग आडवं करून एकेक बाहेर आली. सगळे वाचले. नंतर ते ड्रॉइंग पुन्हा काढलं. खाली कोणाचीच सही नव्हती. कपाटाचे स्क्रू मात्र मीच पिळले होते. ते अजून मनातून जात नाही.

१९४२ मध्ये बोस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह क्लबला आग लागली, ४९२ माणसं गेली. फिरतं दार गर्दीने अडकलं, काही दारांना कुलपं होती, काही आत उघडणारी. सजावटीनेही भराभर पेट घेतला. ती सजावट कोणीतरी हौसेनेच निवडली असणार.

एनसीआयडीक्यूच्या तीन भागांत तुला हेच विचारतील: बाहेर पडायची वाट, आगीचे नियम, साहित्य कोणतं आणि का. रंगसंगतीची जाण तुला उपजतच आहे, हे मात्र शिकावंच लागतं. पदवीनंतरही साधारण ३,५२० तासांचा अनुभव मागतात, ते मला फार योग्य वाटतं. पहिला भाग शिक्षणाच्या शेवटच्या वर्षापासूनच देता येतो, तेव्हा अनुभवाचे तास भरायची वाट बघू नकोस.

अर्ज भरलास की कळव. आणि सध्याच्या प्रोजेक्टचं ड्रॉइंग पाठव, दारं कुठल्या बाजूला उघडतात ते मला बघायचंय.

तुझा,
बाबा