पास काढला आहे

बोरिवली, १० डिसेंबर २००६

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवरच सांगणार होतो, पण बाबा गप्प झाले की मला पुढचे बोलवत नाही, म्हणून हे पत्र. रत्नागिरीची बदली मी नाकारली आहे आणि १ तारखेला तीन महिन्यांचा पास काढून पुन्हा लोकलने जाऊ लागलो आहे. तुम्हांला न विचारता केले, याची बोच आहे. दादाच्या वेळी तुम्ही काय सोसलेत ते मी विसरलेलो नाही.

११ जुलैला अकरा मिनिटांत सात गाड्यांत स्फोट झाले, १८०हून अधिक माणसे गेली आणि दुसऱ्या दिवशी गाड्या भरून धावल्या, तर वर्तमानपत्रांनी ‘मुंबईचे स्पिरिट’ म्हणून गजर केला. मला त्याचा रागच येतो. पोटासाठी गाडी पकडण्यात कसले आले स्पिरिट? पण रुळांलगतच्या वस्तीतली माणसे ॲम्ब्युलन्सची वाट न पाहता घरातल्या चादरी घेऊन धावत आली, हे मी त्यांतल्याच एका चादरीच्या झोळीत पडून पाहिले आहे.

आई, निळ्या फुलांची ती चादर तू रिठ्याच्या पाण्यात तीनदा धुतलीस, तरी कडेचा तपकिरी डाग राहिलाच. इथे परतल्यावर ती द्यायला बसने माहीमला गेलो, विचारत विचारत घर काढले. सोबत नवी सोलापुरी चादरही नेली होती. चाचींनी नवी बाजूला ठेवली, जुनी उलगडली, डागावरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, “चलो, जोडी पुरी हो गई.” दुसरी त्यांच्या खाटेवर अंथरलेली होती. त्यांच्याकडे चहा पिताना, जुलैनंतर प्रथमच, माझ्या हातातली बशी हिंदकळली नाही.

तरी पहिल्या संध्याकाळी चर्चगेटला मी चार गाड्या सोडल्या. ग्रुपमधल्या तिघांनीही सोडल्या; ‘घाबरू नकोस’ असे कोणी म्हटले नाही, पुडीतले शेंगदाणे तेवढे फिरत राहिले. पाचव्या गाडीत चढलो. उजव्या कानाने ऐकू येत नाही म्हणून सगळे माझ्या डावीकडे दाटीवाटीने बसतात, आणि माहीम जवळ आले की त्यांच्या गप्पांचा आवाज चढतो. तो मुद्दाम चढतो, हे मला कळते.

गावी तुम्ही दोघांनी मला तळहातावरच्या फोडासारखे जपलेत, दिवाळीत अंगणात फटाका वाजू दिला नाहीत. त्यात काही उणे होते असे कृपा करून समजू नका. पण तिथे त्या संध्याकाळचा विषय निघाला की आईचे डोळे भरतात आणि मी तो बदलतो. इथे बदलावा लागत नाही, एवढेच.

खाण्याचे हाल नाहीत, शेजारच्या वहिनी डबा देतात. अंघोळीआधी कानात कापूस न विसरता घालतो. रात्री अजून वाटते, आई, तुझा हात कपाळावर असावा. या वयात हे लिहिताना लाजही वाटत नाही.

बाबा, बरे वाटते म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करायची नाही आणि पापडाला हात लावायचा नाही. आई, विहिरीवरून कळशी आणायची नाही; पंप शोभेला बसवलेला नाही. शिमग्याला मी येतोच आहे.

कोणी मुंबईला येणार असेल तर त्याच्याबरोबर माहीमच्या घरासाठी कोकम आणि कुळथाचे पीठ पाठव. पिशवी शिवून पाठव, नाहीतर मीच संपवीन.

तुमचा,
बाळू