माईकचा गोंगाट: सॉफ्टवेअर नंतर, आधी बनावट बघा

संपादक महोदय,

हल्ली कुठलाही माईक घ्यायला गेलं की 'नॉइज कॅन्सलेशन', म्हणजे सॉफ्टवेअरने गोंगाट गाळणं, एवढंच ऐकू येतं, पण खरं काम त्याआधीच माईकच्या बनावटीत होतं हे कुणी सांगतच नाही. माईकचा पडदा बिचारा आवाजाने हलला काय नि टेबलाला धक्का लागून हलला काय, त्याला दोन्ही सारखंच, म्हणून आतली कॅप्सूल, म्हणजे पडदा बसवलेली डबी, रबरावर तरंगती ठेवतात, बाहेरून इलॅस्टिकचा शॉक माउंट, म्हणजे धक्के झेलणारा झोळा, लावतात. काही माईकमध्ये तर दोन पडदे पाठीला पाठ लावून बसवतात, आवाजाचा दाब दोघांवर सारखा पडतो म्हणून त्याची बेरीज होते आणि हादरा मात्र एकाला आत एकाला बाहेर ढकलतो म्हणून तो वजा होतो, मला तर ही आयडिया जाम आवडते! उरलेली घरघर ८० हर्ट्झच्या आसपासचा लो कट फिल्टर, म्हणजे त्याखालचे खर्जातले आवाज गाळणारी चाळणी, बरीच कमी करतो. आणि हो, कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा माईक मागचा आवाज कमी घेतो खरा, पण वारा आणि हाताळण्याची खडखड त्यालाच ओम्नीपेक्षा, म्हणजे चहूकडचं सारखंच ऐकणाऱ्या माईकपेक्षा, जास्त लागते, हे खोक्यावर कुठे छापतात?

- एक वाचक