प्लायची कड आणि ५० मीटरचा रोल

मा. संपादकसाहेब, स.न.

विषय बारका आहे, पाण्याचा नाही की रस्त्याचा नाही, पण आमच्या अनगोळात सध्या एक घर सोडून दुसऱ्या घरात प्लायचं काम चालू आहे म्हणून लिहितोय, जागा असली तर छापा.

उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर आयुष्य काढलं, आता रिटायर. हौस म्हणून मुलीसाठी पुस्तकांचं कपाट करायला घेतलं. सागाचं व्हिनिअर, म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा, असलेला १९ एमएमचा प्लाय आणला, दुकानातच कापून घेतला, सगळं झकास, आणि मग नजर गेली कडेवर. वरून साग, बाजूनं बघितलं तर थरावर थर, भाकरीच्या चवडीसारखं. तिथं सागाच्याच व्हिनिअरची पट्टी लावतात, मागं ग्लू असतो, गरम इस्त्री फिरवली की बसते. पट्टी २२ एमएमची, म्हणजे दोन्हीकडं दीड-दीड एमएम बाहेर राहते ती नंतर छाटायची.

तर ही पट्टी मागायला गेलो की सगळे पीव्हीसीची काढून दाखवतात, "काका हीच घ्या की, सगळे हीच नेतात". आता सागाला प्लास्टिकची कड म्हणजे धोतराला झिप लावल्यासारखं. शेवटी एका ठिकाणी मिळाली, पण अट काय तर ५० मीटरचा अख्खा रोल घ्या. मला लागणार ९ मीटर, वाया जाणारं धरून १०. घेतला, काय करणार.

आणि हत्यारांचं म्हणाल तर त्यातही फसलो. ऑनलाइन एक प्लास्टिकचा चिमट्यासारखा कटर मागवला, दोन बाजूला दोन ब्लेड, दाबून ओढला की दोन्ही कडा एकदम साफ होतात म्हणे. पहिला फूटभर झकास गेला, मग जिथं लाकडाची रेषा उलटी फिरली तिथं ब्लेड आत घुसलं आणि बोटभर लांब चिरफळी घेऊन बाहेर आलं. ती पट्टी परत गरम करून काढली, दुसरी लावली. एवढं बरं आहे की हा ग्लू परत तापवला की परत सुटतो. चूक माझी पण होती, रेषा बघून उलट बाजूनं ओढायला हवा होता, पण ब्लेडही बोथटच होतं.

नंतर सगळं घरातल्याच वस्तूंनी केलं. जुनी इस्त्री, कॉटनवर ठेवलेली, वाफ बंद. (मंडळींची रोजच्या कपड्यांची इस्त्री घेऊ नका, ग्लू तळाला लागतो आणि मग दुसऱ्या दिवशी पांढऱ्या शर्टावर उमटतो, मला ऐकून घ्यावं लागलंय.) इस्त्री सावकाश पुढं न्यायची आणि मागोमाग लाकडाचा गुळगुळीत ठोकळा जोर लावून घासत आणायचा, पट्टी गार होईपर्यंत. खरं काम ह्या ठोकळ्याचं आहे, नुसत्या इस्त्रीनं चिकटल्यासारखी वाटते आणि आठवड्यानं टोकं उचलतात. पूर्ण गार झाल्यावर बारीक दातांची चपटी कानस जरा तिरकी धरून फक्त आत, प्लायच्या बाजूला ढकलायची. बाहेर ओढली की पट्टी उचकटलीच समजा. लेथवाल्याचा हात, त्यामुळं कानस मला जमली, कुणी धारदार पटाशीनं पण करतात. शेवटी ठोकळ्याला १८० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून हलका हात, जास्त घासलं तर प्लायवरचं व्हिनिअरच उडतं, ते कागदाएवढंच असतं.

दुकानदार मंडळींना एवढंच सांगणं, वायर मीटरवर देता, पडद्याचं कापड मीटरवर देता, मग ही पट्टी का नाही? पट्टी मिळत नाही म्हणून लोक कड तशीच सोडतात नाहीतर वर नुसता पॉलिशचा हात मारतात, आणि आपल्याकडं जूनपासून झड लागली, त्यात खानापूरकडचा पाऊस म्हणजे विचारायलाच नको, की उघडी कड ओल ओढते आणि फुगते. प्लायला हजारो रुपये घालायचे आणि कड तशीच.

माझ्या माळ्यावर ४० मीटर सागाची पट्टी पडून आहे. संपादकसाहेब, तुमच्या ऑफिसातल्या एखाद्या टेबलाची कड उघडी असली तर बोलवा, इस्त्री आणि ठोकळा घेऊन येतो, चहा तेवढा तुमचा.

आपला एक जुना वाचक,
अनगोळ, बेळगाव