मोडी लिपी वाचणाऱ्या काकांना जाहीर थँक्यू

काका नमस्कार, तुम्ही मोबाईल फार बघत नाही माहितीये, पण नातू वाचून दाखवेल म्हणून लिहितोय. तुमच्या घरून निघताना धड आभारसुद्धा मानता आले नाहीत, घसाच दाटून आला होता.

पणजोबांचं आधी एक लग्न झालेलं, हे आमच्यात कुणी कबूलच करत नव्हतं. पण पणजी गेली ती पणजोबांच्या मागं कितीतरी वर्षांनी, आजीपण आजोबांच्या मागंच, मग पितृपक्षात अविधवा नवमीला आमच्याकडं सवाष्ण जेवते ती कुणाच्या नावानं? नवऱ्याआधी गेलेल्या बाईसाठीच करतात ना ते? हे विचारलं तर चुलतभाऊ म्हणतो, "जमिनीत नवीन वारस काढतोस काय?" तिची जुनी नोंद मागायला गेलो, तर सरकारी ऑफिसातल्या साहेबांनी शंभर वर्षांपूर्वीच्या लग्नाचं सर्टिफिकेट मागितलं, आता काय बोलायचं! आणि 2023 ला कुणबी नोंदी शोधायला लागल्यापासून मोडी वाचणाऱ्यांना भाव आलाय, येऊ दे की, विद्या आहे त्यांची, पण ॲडव्हान्स घेऊन फोन उचलायचा नाही ही कुठली रीत?

तुम्ही मात्र कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मरणाच्या जुन्या नोंदवहीची, ती फिकट झेरॉक्स खिडकीपाशी नेली, भिंग लावलं आणि गप्प झालात. 1918 सालचं पान, मानमोडीच्या म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीतलं, मरणाचं कारण म्हणून ओळीनं नुसतं ताप, ताप, ताप. एका ओळीवर बोट ठेवलंत. मला वाटलं आता नाव सांगतील. तर म्हणालात, "मी नाही सांगणार. तुमचं माणूस आहे, तुमच्या तोंडानं नाव घ्या." आणि कोऱ्या कागदावर आधी लांब रेघ मारून तिच्याखाली एकेक अक्षर काढून दाखवलंत, मोडीत दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचं फारसं बघत नाहीत, कुठं तोडायचं ते शिकवलंत, चहा पार गार झाला तरी घाई केली नाहीत. मग मी वाचलं. आधी तिचं नाव, पुढं "बायको" आणि मग आमच्या पणजोबांचं नाव, वडिलांच्या नावासकट. घरात एवढ्या वर्षांत ते नाव पहिल्यांदा कुणी मोठ्यानं घेतलं असेल तर मी, तुमच्या सोप्यात बसून.

दुसरा कुणी असता तर दोन मिनिटांत नाव सांगून पुढचा कागद ओढला असता, आणि त्यात त्याचं काही चुकलं असतं असंही नाही. पण साताऱ्यात अजून अशी माणसं आहेत म्हणून बरं चाललंय, नाहीतर सगळं त्या साहेबांच्या हातात.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, पाकीट उलट माझ्याच खिशात कोंबलंत. म्हणून आता माझं ऐकायचं. यंदा अविधवा नवमीला सवाष्ण म्हणून काकूंनी आमच्याकडं जेवायला यायचं, तुम्हीपण सोबत. गाडी मी पाठवतो, एसटीनं येऊ नका. आईनं काकूंसाठी साडी घेऊनपण ठेवलीय.