पंपाच्या ऑफिसपासून नव्हे, व्हेंट पाइपपासून मोजा

महोदय,

रहिवास विभागातला भूखंड वाणिज्य विभागात घेऊन तिथे पेट्रोल पंप आणायचा प्रस्ताव आला की आसपासच्या सोसायट्यांत सह्यांची मोहीम सुरू होते आणि सुनावणीत एकाच मजकुराचे ढीगभर अर्ज पडतात. मजकूर एक असला की मुद्दाही एकच नोंदला जातो. ‘आम्हाला त्रास होईल’ हे खरं असलं, तरी तेवढ्यावर कोणताही अधिकारी अभिप्राय लिहू शकत नाही. त्याला अंतर लागतं, नकाशा लागतो आणि नियमाचा आधार लागतो.

हा आधार उपलब्ध आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जानेवारी २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार नवा पंप शाळा, दहा किंवा अधिक खाटांचं रुग्णालय आणि स्थानिक कायद्यानुसार ठरलेलं रहिवासी क्षेत्र यांच्यापासून ५० मीटरच्या आत नको. जागेची अडचण असेल तर ‘पेसो’ने, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांची सुरक्षा पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेने, सांगितलेले जादा सुरक्षा उपाय करावे लागतात, तरीही ३० मीटरच्या आत कोणत्याही परिस्थितीत नाही. अंतर सरळ रेषेत मोजायचं, रस्त्याने फिरून नव्हे. ते धरायचं टँकरची नळी जोडतात तो फिल पॉइंट, पेट्रोल सोडणारं यंत्र किंवा भूमिगत टाकीतली हवा बाहेर सोडणारा व्हेंट पाइप यांपैकी जे सर्वांत जवळ असेल तिथून. गडबड नेमकी इथे होते. नकाशावर अंतर पंपाच्या ऑफिसपासून किंवा छताच्या मध्यापासून दाखवलेलं असतं आणि व्हेंट पाइप मात्र मागच्या कुंपणाच्या कोपऱ्यात, घरांच्या बाजूला असतो. म्हणून फिल पॉइंट आणि व्हेंट पाइप यांच्या जागा मोजमापासह नकाशावर दाखवा, अशी लेखी मागणी करावी. दुसरं टोक घराची भिंत नाही, ते रहिवासी क्षेत्र आहे. शेजारचा प्लॉट आज मोकळा पण यलो झोनमध्ये, म्हणजे रहिवास विभागात असेल, तर तोही मोजणीत धरायला हवा.

व्हेंट पाइपवर एवढा भर का? टँकरमधून १२,००० लिटर पेट्रोल भूमिगत टाकीत उतरतं तेव्हा जवळपास तेवढ्याच आकारमानाची पेट्रोलच्या वाफेने भरलेली हवा टाकीतून बाहेर पडते. ती परत टँकरमध्ये घेणारी नळी जोडलेली नसेल, तर सगळी हवा व्हेंट पाइपवाटे वस्तीत येते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. वारा पडलेला असला की ती तळघरातलं पार्किंग, उघडं गटार, विहीर अशा खोलगट जागी साचते. बीएस-६ पेट्रोलमध्येही १ टक्क्यापर्यंत बेंझीन चालतं आणि बेंझीनमुळे कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे. म्हणून टँकर उतरवताना आणि गाडीत पेट्रोल भरताना, अशी दोन्ही टप्प्यांवर वाफ परत घेणारी यंत्रणा पहिल्या दिवसापासून हवी, ही अट हरकतीत स्पष्ट शब्दांत मागावी.

जनरेटरचंही तसंच. १,००० केव्हीएपर्यंतच्या डिझेल जनरेटरला आवरणापासून १ मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, म्हणजे २० मीटरवर सुमारे ४९ राहतो. रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ ही मर्यादा ४५ आहे. समोर भिंत असेल तर आवाज परतून आणखी वाढतो. तेव्हा प्रमाणपत्र असलेला जनरेटरही कुंपणाला टेकवून चालणार नाही. त्याची जागा नकाशावर ठरवून घ्यावी.

आता हे कुठे मांडायचं? महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली विकास योजनेत, म्हणजे कोणती जमीन कशासाठी हे ठरवणाऱ्या आराखड्यात, फेरबदलाची सूचना निघाली की तिच्या तारखेपासून एक महिन्याच्या आत नियोजन प्राधिकरणाकडे (महापालिका, नगरपरिषद इत्यादी) लेखी हरकत द्यावी लागते. मुदत तुम्ही सूचना वाचली त्या दिवसापासून मोजत नाहीत. आवक क्रमांक घातलेली पोच घ्यावी आणि तीच प्रत सुनावणीला न्यावी. सुनावणीत पुष्कळदा उत्तर मिळतं, ‘सुरक्षेचा प्रश्न आमच्याकडे नाही.’ ते अर्धं खरं आहे. पेट्रोलियम नियमांखालचा ना-हरकत दाखला जिल्हाधिकारी (पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्त) देतात आणि परवाना पेसो. पण रहिवासी क्षेत्राची हद्द कुठे, हे विकास योजनाच ठरवते आणि ५० मीटरची मोजणी त्याच हद्दीपर्यंत होते. भूखंडाचा विभाग बदलणाऱ्यांना हा मुद्दा बाजूला सारता येणार नाही. हरकतीची एक प्रत जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त कार्यालयात आणि एक पेसोकडे त्याच आठवड्यात द्यावी.

नियोजन प्राधिकरणांकडे एक मागणी आहे. सूचनेत फक्त सर्व्हे नंबर आणि क्षेत्र छापून नकाशा ‘कार्यालयीन वेळेत पाहण्यास उपलब्ध’ ठेवणं हा नागरिकांवर अन्याय आहे. नोकरी करणाऱ्या माणसाने तो पाहायचा कधी? मोजमापांसह नकाशा संकेतस्थळावर टाकावा आणि जागेवर फलक लावावा.

सुनावणी झाली म्हणजे निर्णय झाला असंही नाही. प्राधिकरण प्रस्ताव शासनाकडे पाठवतं आणि नगररचना संचालकांचा सल्ला घेऊन शासन मंजुरी देतं. मधल्या काळात सुनावणीचा अहवाल माहितीच्या अधिकारात मागवावा, आपली मोजमापं त्यात उतरली आहेत का ते पाहावं, आणि नसतील तर पोच जोडून नगर विकास विभागाला लगेच कळवावं.

– एक नगररचनाकार