किण्वन म्हणजे कुजणे नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीतील आंबवलेल्या पदार्थांवरचा लेख आवडीने वाचला. मात्र त्यात किण्वन म्हणजे 'अन्न बेताने कुजवणे' अशी व्याख्या दिली होती, पुढे तोच शब्द काळ्या चहासाठी वापरला होता आणि शेवटी किण्वन हवेशिवायच घडते असे ठामपणे म्हटले होते. ही तिन्ही विधाने एकाच वेळी खरी ठरू शकत नाहीत. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे राहवले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

जीवरसायनशास्त्रात या शब्दाचा अर्थ सर्वांत काटेकोर आहे. पेशी ग्लुकोजचे विघटन करून ऊर्जा मिळवते, तेव्हा त्यातून सुटणारे इलेक्ट्रॉन तिला कोठेतरी सोपवावे लागतात. आपल्या श्वसनात ते अखेर ऑक्सिजनकडे जातात. किण्वनात असा बाहेरचा ग्राहक नसतो, त्यामुळे त्याच साखरेपासून बनलेल्या एखाद्या रेणूच्या गळ्यात ते मारले जातात आणि त्यातून अल्कोहोल किंवा लॅक्टिक आम्ल तयार होते. पेशीच्या दृष्टीने हा सौदा तोट्याचाच, कारण ग्लुकोजच्या एका रेणूमागे श्वसनात एटीपीचे, म्हणजे पेशी ऊर्जेचे चलन म्हणून वापरते त्या द्रव्याचे, सुमारे ३० रेणू मिळतात, तर येथे अवघे २. बाकीची बरीचशी ऊर्जा अल्कोहोलमध्ये तशीच राहते, आणि म्हणूनच अल्कोहोल इंधन म्हणून जाळता येते. यीस्टने १८० ग्रॅम ग्लुकोज पूर्णपणे आंबवले, तर हिशेबाप्रमाणे ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. या वायूच्या बुडबुड्यांमुळे द्रव उकळल्यासारखा दिसतो, आणि 'फर्मेंटेशन' या शब्दाच्या मुळाशी 'उकळणे' या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे ते त्यामुळेच. आपले 'फसफसणे' त्याच दृश्यातून आलेले आहे. 'किण्व' हा संस्कृत शब्द मात्र बुडबुड्यांचा नव्हे, तर ज्याने आंबवण्याला सुरुवात होते त्या द्रव्याचा वाचक आहे, आणि तो मला अधिक नेमका वाटतो.

फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी १८५७ मध्ये लॅक्टिक किण्वनावर निबंध वाचला आणि पुढे किण्वन म्हणजे हवेशिवायचे जीवन असे सूत्र मांडले. लेखातले शेवटचे विधान बहुधा तेथूनच आले असावे. परंतु १८९७ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ एडुआर्ड बुखनर यांनी यीस्ट वाळूबरोबर खलून त्याचा रस काढला, त्यात साखर घातली, आणि एकही जिवंत पेशी नसलेला तो रस फसफसू लागला. काम विकरांचे (एन्झाइमचे), म्हणजे पेशीत रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांचे होते. बुखनर यांना १९०७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते या शोधासाठी. सूक्ष्मजीवही यासाठी अनिवार्य नाहीत. जोराने पळताना आपल्या स्नायूंमध्ये लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचेच एक रूप) तयार होते, ते याच मार्गाने. ('पाय आंबले' असे मराठी माणूस म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात रसायनशास्त्र नसते, शिवाय दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याचा दोष लॅक्टेटवर टाकणेही बरोबर नाही.)

उद्योगात मात्र टाकीमध्ये सूक्ष्मजीव वाढवून काहीही मिळवले, तरी त्याला किण्वनच म्हणतात. पेनिसिलिन आणि सायट्रिक आम्ल बुरशीपासून अशाच टाक्यांमध्ये तयार होते आणि त्या टाक्यांमध्ये निर्जंतुक हवा सतत सोडावी लागते. व्हिनेगरचेही तसेच आहे, कारण अल्कोहोलचे अॅसेटिक आम्ल करणाऱ्या जिवाणूंना ऑक्सिजन लागतोच. वर्गात 'किण्वन हवेशिवाय' एवढेच पाठ करून बसलेले विद्यार्थी व्हिनेगर हवाबंद बरणीत बनवायला निघायचे, आणि चूक त्यांची नसून शब्दाची आहे हे समजावताना माझा अर्धा तास जायचा.

काळा चहा या दोन्ही अर्थांत बसत नाही. पाने चुरडली की त्यांतलीच विकरे आणि हवेतला ऑक्सिजन मिळून पानातील पॉलिफेनॉल या तुरट द्रव्यांचे ऑक्सिडीकरण करतात. चहाच्या व्यवसायात त्याला फर्मेंटेशन म्हणण्याची जुनी सवय आहे, पण मराठीत लिहिताना ती उचलण्याचे कारण नाही.

राहिली कुजण्याची गोष्ट. सूक्ष्मजीव दोन्हीकडे असतात, एवढ्यावरून दोन्ही क्रिया एक ठरत नाहीत. कुजताना मुख्यतः प्रथिनांचे विघटन होऊन दुर्गंधी सुटते. दूध विरजले असता मात्र त्यात वाढणारे आम्ल कुजवणाऱ्या जिवाणूंची वाढ रोखते. म्हणजे लेखातील व्याख्येने पहारेकऱ्यालाच चोर ठरवले आहे.

तेव्हा स्वयंपाकाविषयी लिहिताना 'आंबवणे' हा शब्द ठेवावा, 'किण्वन' हा शब्द वापरल्यास तो कोणत्या अर्थाने हे एका वाक्यात सांगावे, आणि चहापुरते 'ऑक्सिडीकरण' लिहावे, एवढी विनंती आहे. पुढील पुरवणीत व्याख्येची दुरुस्ती छापल्यास आभारी राहीन.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त प्राध्यापिका